पाठीमागचं सांगणारं माणूस

दोरवाल्याला झडपेच्या खड्ड्यातून नायलॉनच्या दोरानं वर काढलं, आणि पुढे त्याच्या सुनेनं तो खड्डा खोदवून घेणाऱ्या माणसाशीच लग्न केलं.

यातलं काहीही घडलेलं नाही. गावात कुणालाही विचारा. दोरवाल्याचा पाय म्हशीनं मोडला, असं सगळे सांगतात. कुठल्या म्हशीनं, असं विचारलं तर ती विकली म्हणतात. सून माहेरी गेली आहे, येईल सावकाश. तिला माहेर नाही, पण तेवढ्यासाठी कुणी अडून बसत नाही. एखादी गोष्ट घडलीच नाही असं सगळ्या गावानं मिळून ठरवायचं म्हणजे सोपं काम नसतं, त्याला एकी लागते, आणि या गावात इतर कशासाठी कधी एकी झालेली नाही. तेव्हा त्या एकीचा मान राखून, काहीच घडलेलं नाही असं धरूनच सुरुवात केलेली बरी.

दोरवाला आयुष्यभर उलटा चालत आला होता. त्याचा धंदाच तसा. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, दगडावर घासून त्यांचा गर काढायचा, आणि उरलेले धागे, म्हणजे वाख, वाळवून त्याचा दोर वळायचा. वळताना दोन माणसं लागतात. एक चाकावर बसून चाक फिरवतं. दुसरं कमरेला वाख गुंडाळतं, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवतं, आणि बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे जातं. नजर बोटांवरच लागते. मान वळवून मागे बघितलं की बोटं चुकतात, दोर एका जागी बारीक होतो, आणि पुढे कधीतरी तिथंच तुटतो. म्हणून मागचं बघायचं काम चाकावरच्या माणसाचं. ते ओरडून सांगणार, आणि दोरवाला न बघता ऐकणार. "दगड." "म्हैस." "डावीकडे." "पुरे."

आधी हे ओरडायला बायको होती. तिच्या डोळ्यांवर पडदा आला आणि तिला ऊन आणि भिंत यांत फरक कळेनासा झाला, तेव्हा मुलगा चाकावर बसला. मुलगा पुढे दगडाच्या खाणीत कामाला गेला आणि खाणीतच राहिला. म्हणजे त्याच्यावरचा दगड काढायला यंत्र येणार होतं ते आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून चाकावर सून होती. तिचा आवाज बारीक पण स्वच्छ होता. दोरवाल्यानं तिच्या आवाजावर अशी पाठ टाकली होती, जशी माणूस भिंतीवर टाकतो.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. आधीच्या वर्षीही बेताचाच झाला होता. विहिरींचं पाणी खाली खाली गेलं, बादल्या तळाला पोचेनात, आणि लोक लांब दोर मागायला लागले. गावाचं तोंड वाळत होतं तसतसा दोरवाल्याचा धंदा बहरत होता. हे त्यालाही कळत होतं, म्हणून तो आभाळाकडे चोरून बघायचा, आणि कुठं ढग नाही अशी खात्री झाली की चेहरा पाडून म्हणायचा, अवघड आहे बाबा.

पण घायपातालाही पाणी लागतं. पानं आखूड निघत होती, त्यांतला वाख आखूड निघत होता. तळं आटलं होतं, त्यामुळे पानं कुजवायला दारामागे एक खड्डा आणि त्यात भांडी धुतलेलं पाणी. पुरती कुजायच्या आधीच ती बाहेर काढावी लागत. अर्ध्या कच्च्या पानांचा रस हातांना झोंबायचा. सुनेच्या कोपरापर्यंत पुरळ उठला होता, ती तो खरखरीत गोणपाटावर घासायची. असा वाख दिसायला पांढराशुभ्र दिसतो, पण वाकवला की मोडतो. दोरवाल्याला ते माहीत होतं. तो दोर जरा जास्त पिळायचा, म्हणजे वरून घट्ट वाटायचा. लोक दोर ओढून बघायचे, मान हलवायचे, घेऊन जायचे. दोरवाला त्यांच्या पाठीकडे बघत राहायचा.

मग पाइपलाइन आली. लांबच्या धरणातून गावाला पाणी आणायचं कार्यालयानं ठरवलं. मोजणी करायला आलेल्या माणसानं नकाशावर दोरवाल्याच्या दारासमोरची गल्ली 'रिकामी जागा' म्हणून दाखवली. दोरवाला तिथंच उभा होता, कमरेला वाख होता. तो म्हणाला, साहेब, इथं मी चालतो. साहेब म्हणाले, चालायला कुणाची ना नाही, खोदकाम झाल्यावर चाला.

गल्लीच्या टोकाला पाणी सोडायची-अडवायची मोठी झडप बसायची होती. तिथं त्यांनी विहिरीसारखा खड्डा घेतला, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. काठाच्या मातीला धीर नव्हता, येताजाता सुटायची. झडप मात्र आली नाही. ती दुसऱ्या गावाला गेली, त्या गावाला पाइपलाइन नव्हती. परत आणायचं चाललं होतं.

त्यामुळे गल्ली आखूड झाली. विहिरी खोल झाल्या आणि दोर आखूड निघायला लागले. दोरवाला दोन दोर जोडून विकायला लागला. सून आता खड्ड्याच्या जरा अलीकडे "पुरे" म्हणायची, आणि तो थांबायचा. दिवसातून कितीतरी वेळा तो त्या खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन थांबत होता, आणि एकदाही त्यानं तो वळून बघितला नव्हता.

खड्ड्याचं काम बघणारा माणूस म्हणजे पाइपवाला. उंच, हडकुळा, बायको मेलेला. दुपारी खोदणारे सावलीला पांगले की हा दोरवाल्याच्या ओसरीवर पाणी मागायला यायचा. पाणीपुरवठ्याचा माणूस पाणी मागत हिंडतो, यावर दोरवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोनं एकदा त्याला टोमणा मारला, तर त्यानं तो गंभीरपणे ऐकून घेतला आणि पाण्याच्या दाबाबद्दल सांगायला लागला. त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. उंचावरून पाणी कसं येतं, वळणावर दाब कसा पडतो, पाइप जाड घेतला तर काय आणि बारीक घेतला तर काय. सून चाकाला तेल घालत ऐकायची. एकदा तिनं विचारलं, दाब फार झाला तर? पाइपवाला म्हणाला, तर कुठूनतरी फुटतं, म्हणून मधे झडप लागते. यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. दोघंही लाजली.

दोरवाल्याला हे दिसलं नाही. तो तेव्हा पाठमोरा होता.

एकदा मात्र पाइपवाल्यानं हद्द केली. दोरवाला मागे मागे येत होता आणि हा खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "आजोबा, जपून, मागं खड्डा आहे." दोरवाला जागच्या जागी थांबला. बोटं चुकली. त्याला आजोबा म्हटल्याचा राग आला नाही. आवाज परका होता, त्याचा आला. त्यानं कमरेचा वाख सोडून जमिनीवर टाकला आणि सांगितलं, आमच्या घरचं आमच्या घरचे सांगतील.

पुढे काही दिवसांनी दुपारच्या जेवणाला बसल्यावर म्हातारीनं विषय काढला. पाइपवाल्यानं तिच्याकडे मागणी घातली होती. तीसुद्धा दाबाची माहिती दिल्यासारखी घातली असणार, पण म्हातारीला कळली. तिनं सुनेला विचारलं होतं, सुनेनं खाली बघून हो म्हटलं होतं. आता तुमचं बोला, म्हातारी म्हणाली.

दोरवाला खात राहिला. मग म्हणाला, "माझ्या पोराची बायको आहे ती."

"पोरगा कुठं आहे?"

हे वाक्य त्या घरात कुणी बोलत नसे. दोरवाल्याचा हात ताटातच राहिला. म्हातारीचे डोळे त्याच्या जरा बाजूला, भिंतीकडे लागलेले होते. तो तिथं बसलाय असं तिला वाटत होतं. ती भिंतीलाच म्हणाली, "मला डोळे नाहीत, तरी मला ती दिसते. तुम्हाला नुसतं चाक फिरतंय एवढं दिसतं."

दोरवाला म्हणाला, लोक काय म्हणतील. म्हातारी म्हणाली, ते म्हणून झालंय. आणि खरंच झालं होतं. न्हाव्याचं म्हणणं पडलं की विधवेनं घर धरून राहावं, त्यात शोभा आहे. त्याची स्वतःची बहीण दुसरं लग्न करून सुखात होती, पण ती दुसऱ्या गावात, तिथली शोभा वेगळी. दुकानदाराचं म्हणणं होतं, काळ बदलला, माणसानं बदलावं. त्यानं नुकतीच नायलॉनच्या दोरांची मोठी भेंडोळी आणली होती, हिरवी आणि निळी, आणि तो सगळ्याच बाबतीत बदलाच्या बाजूनं बोलत होता.

सून दारात उभी होती. पदराला हात पुसत ती आत आली.

"मामा, तुम्ही हो म्हणालात तर जाईन. पळून जाणार नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर थांबीन. पण मग हो कधी म्हणणार, तेवढं सांगा."

न सुचलेल्या माणसाला जे सुचतं ते दोरवाला बोलला. "आजपासून तुझा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये."

सुनेनं मान डोलावली. आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला लागली. ऊन वर चढलं होतं आणि वाऱ्यात खोदलेल्या मातीची भुकटी उडत होती. सून चाकावर बसली, दोरवाल्यानं वाख गुंडाळला. चाक फिरू लागलं. तो मागे सरकू लागला. रस्त्यात कोंबडी होती, सून बोलली नाही. दोरवाल्याचा पाय कोंबडीवर पडता पडता राहिला, तीच किंचाळून बाजूला झाली. दोरवाल्यानं दात आवळले आणि बोटांवर नजर ठेवून पुढे, म्हणजे मागे, चालत राहिला.

नेहमीच्या जागी चाक थांबलं.

हे सुनेनं विचार करून केलं होतं. आवाज करायचा नाही, पण चाक थांबवलं तर त्याला कळेल. दोरवाल्याला वेगळंच कळलं. रुसली, असं त्याला कळलं. काम अंगावर घेऊन रुसते, माझ्याच घरात. तो ओरडला, "फिरव."

चाक फिरलं नाही. सून उभी राहिली होती, दोन्ही हात वर करून त्याला थांबा असं खुणावत होती. पण दोरवाला बोटांकडे बघत होता. चांगला कारागीर होता तो, काहीही झालं तरी बोटांवरची नजर काढत नसे. तो पुन्हा ओरडला, "फिरवतेस की नाही? नाही फिरवत तर मी तुझ्यावाचून ओढीन." आणि दोर ताणून धरून, सगळा भार मागे टाकून, तो तरातरा मागे गेला.

सून ओरडली. तिनं वचन मोडलं, पण वेळेवर मोडलं नाही.

पहिल्या पडण्यात दोरवाल्याला काही झालं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. खाली सुटलेल्या मातीचा मऊ ढीग होता, तो त्यात कमरेपर्यंत रुतून बसला. नाकातोंडात माती गेली, एक वहाण हरवली, बाकी माणूस शाबूत. वर माणसं गोळा झाली. खोदणाऱ्यांची शिडी होती, पण ती कार्यालयाच्या आवारात कुलुपात होती, आणि कार्यालयाला सुट्टी होती. न्हाव्यानं वरून विचारलं, कसं काय वाटतंय? दोरवाल्यानं तोंडातली माती थुंकली. दुकानदार धावत जाऊन निळं भेंडोळं घेऊन आला आणि एक टोक खाली सोडायला लागला.

"ते नको," खालून आवाज आला. "माझ्या दोरानं काढा."

दुकानदार म्हणाला, आता दोराची जात बघायची वेळ आहे का. दोरवाला म्हणाला, आहे. घरात नवा दोर आहे, तो आणा, नाहीतर मी इथंच बसतो. सून ऐकत होती. त्या दोराचा वाख तिनंच घासला होता, तिच्या कोपरावरचा पुरळ त्याच वाखाचा होता. ती काठावर ओणवी झाली आणि हळू म्हणाली, "मामा, तो नको. तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. पण वर अख्खं गाव वाकून ऐकत होतं, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या विहिरीवर त्याचाच दोर होता. 'हो, माहीत आहे' म्हणण्यापेक्षा वर ओढलं जाणं सोपं वाटलं. तो म्हणाला, "दोर आणा."

दोर आणला. त्यानं तो काखेखालून स्वतः बांधला, गाठ चांगली बांधली. वर चार जणांनी ओढलं. तो वर आला, काठाशी आला, न्हाव्याला हात देण्याइतका जवळ आला. तिथं दोर तुटला. फार आवाजसुद्धा झाला नाही, वाळकी काडी मोडावी तेवढाच. या वेळी मऊ ढिगाच्या बाजूला दगड होता.

पाय मोडल्याचा आवाज मात्र वर ऐकू आला. सगळ्यांच्या मनात आपापली विहीर आली असणार.

मग पाइपवाला आला. त्यानं निळा दोर स्वतःच्या कमरेला बांधला, भिंतीला पाय देत खाली उतरला, दोरवाल्याला पाठीवर घेतलं आणि दोघांना एकत्र बांधलं. वरून ओढणाऱ्यांत सून सगळ्यात पुढे होती. नायलॉन तळहाताला कापतो, तिच्या हातांतून रक्त आलं. दोरवाला वर येताना मिटल्या डोळ्यांनी पाइपवाल्याच्या मानेवर तोंड टेकून होता, आणि पाइपवाला त्याला धीर देत होता. म्हणजे दाबाबद्दल सांगत होता.

वर आल्यावर दुकानदारानं दोर गुंडाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की याचा पैसा घेणार नाही. न्हावी म्हणाला, म्हैस फार उधळली बघा. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकेकानं मान हलवली. हो, फारच उधळली. ही त्या गावानं दोरवाल्यावर केलेली दया होती. ती त्याला फार लागली.

डॉक्टरनं पायाला प्लास्टर घातलं. दोरवाला ओसरीवर खाटेवर पडला. सुनेनं पाइपवाल्याला सांगितलं, पाय बरा होईपर्यंत नाही. पाइपवाल्यानं ते झडपेची वाट बघण्याच्या सवयीनं ऐकून घेतलं.

हळूहळू विहिरींवरचे दोर बदलले. बदलले म्हणून कुणी सांगितलं नाही. सकाळी दारात वेटोळी पडलेली असायची, नीट गुंडाळून, धुऊनसुद्धा. कुणी तक्रार केली नाही, कुणी काही परत मागितलं नाही. एकानं तर मुलाकरवी निरोपही धाडला, दोर छान होता, पण आता गरज नाही. दोरवाला खाटेवरून ती वेटोळी बघायचा. ढीग वाढत गेला. एक कुत्री त्यावर व्याली.

सून त्याचं सगळं करायची. अंग पुसायची, भांडं द्यायची, कूस बदलायला हात द्यायची. एवढ्या जवळून त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. चाकावर ती नेहमी लांब असायची, एक ठिपका आणि एक आवाज. आता तिच्या तळहातावरचे नायलॉनचे वळ दिसायचे. तिच्या कानाजवळ एक पांढरा केस दिसला. एवढ्यात, असं त्याला वाटलं. तिचं वय मोजायला लागून तो मधेच थांबला, कारण मोजताना पोराचं वयही मोजावं लागत होतं.

प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणाला, आता चालायला लागा. दोरवाल्यानं पाय खाली टेकवला, तोंड वाकडं केलं आणि परत वर घेतला. दुखतंय, म्हणाला. दुखतही होतं थोडं. पुढे दुखायचं थांबलं, तरी तो म्हणत राहिला. घरात कुणी नसलं की तो उठून परसात जाऊन यायचा, आणि पाऊल वाजलं की चोरासारखा खाटेवर पडायचा. झडप आली, बसली, खड्डा बुजवला, गल्लीवर डांबर पडलं. सून उशाशी पाणी ठेवायची. पाइपवाला दुसऱ्या गावच्या कामावर गेला होता, तरी अधूनमधून येऊन विचारायचा, पाय कसा आहे. दोरवाला म्हणायचा, जड आहे. म्हातारी तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत म्हणायची, पाय जड आहे म्हणे.

घरात खायची तंगी झाली, तेव्हा सून म्हणाली, वाख पडून आहे, मी वळते. गुरं बांधायला तरी कुणी घेईल. तिनं म्हातारीला चाकावर बसवलं, कमरेला वाख गुंडाळला, पदर खोचला, आणि नव्या काळ्या रस्त्यावर मागे मागे जायला लागली.

दोरवाला खाटेवरून बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा हे काम तो बाहेरून बघत होता. चुकत होती ती, वाख जास्त सोडत होती. पण पाठ सरळ होती. तिनंही पाठ कुणाच्यातरी आवाजावर टाकली होती, आणि चाकावर आंधळी म्हातारी होती.

गावात अजून नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. टँकर मागे येताना एक गाणं वाजवायचा, तेच तेच, दिवसभर, त्यामुळे ते कुणाला ऐकू येत नसे. त्या दिवशी टँकर गल्लीत मागे मागे येत होता. ड्रायव्हरचा जोडीदार मागे उभा राहून हात दाखवायचा तो चहाला गेला होता. इकडून सून मागे मागे जात होती. गल्ली सरळ होती. दोघांनीही एकमेकांकडे पाठ केली होती आणि दोघंही आपापल्या कामात तरबेज होती. म्हातारी चाक फिरवत होती. गाणं वाजत होतं.

दोरवाला ओरडला. आवाज गाण्यात बुडाला. मग तो उठला. खाटेवरून उडी मारली, ओसरीच्या पायऱ्या एकदम उतरला, आणि धावला. सरळ, तोंड पुढे करून, जे त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. दोन्ही पाय व्यवस्थित चालले. त्यानं सुनेच्या दंडाला धरून तिला अशी ओढली की दोघं रस्त्याच्या कडेला पडली, आणि टँकर गाणं म्हणत त्यांच्या बाजूनं गेला. तिच्या कमरेचा वाख सुटून टँकरखाली गेला आणि दोर म्हातारीच्या चाकापर्यंत ताणला जाऊन तुटला.

ड्रायव्हर उतरला आणि शिव्या द्यायला लागला. उलटं चालणाऱ्या माणसानं निदान गाणं तरी वाजवावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं म्हणून झाल्यावर तो गेला.

सून उठून बसली. कोपर सोलवटलं होतं. तिनं दोरवाल्याच्या पायांकडे बघितलं, मग ओसरीकडे, मग परत पायांकडे.

"कधीपासून चालताय, मामा?"

खोटं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. "खड्डा बुजवायच्या आधीपासून," तो म्हणाला.

तिथंच डांबरावर बसून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, मग ती रडतच राहिली. डांबर तापलेलं होतं, पायांना चटके बसत होते, तरी दोघं उठली नाहीत. पलीकडे म्हातारी रिकामं चाक फिरवत विचारत होती, पोचलीस का गं? पोचलीस का?

"जा तू," दोरवाला म्हणाला.

"रागानं म्हणताय?"

"रागानंच म्हणतोय. पण जा."

ती गेली. एका कचेरीत सह्या झाल्या, म्हातारी सुनेचा हात धरून गेली आणि तिनं अंगठा दिला. दोरवाला गेला नाही. त्याचा पाय मोडलेला आहे हे गावाला माहीत होतं, आणि गावाला खोटं पाडणं त्याला बरं दिसलं नसतं.

नंतर त्यानं म्हातारीला चाकावर बसवून पाहिलं. ती ओरडत होती, मनापासून ओरडत होती. "झाड आलं." ते झाड मुलगा लहान असताना तोडलेलं. "डावीकडे, भिंत." ती भिंत पडून तिथं आता दुकानदाराच्या गोदामाचं शटर होतं. तिला शेवटची दिसलेली गल्ली ती सांगत होती. दोरवाला चुकवत गेला. झाडाला वळसा घालून गेला, भिंतीपासून अंग चोरून गेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं विचारलं, प्यालाय का. असा दोर वाकडा निघतो, आणि वाकडा दोर कुणी घेत नाही. त्यानं चाक उचलून आत ठेवलं.

पुढे पाइपवाला नळ बसवायला आला. त्यानं पाना काढला, गुडघे टेकले आणि कामाला लागला. दोरवाला बराच वेळ उभा राहून बघत होता. मग त्यानं विचारलं, तिकडे तुमच्या घरी नळाला पाणी येतं का. पाइपवाला म्हणाला, येतं. दाब कसा आहे? पाइपवाल्यानं पाना खाली ठेवला. चांगला आहे, म्हणाला, सकाळी जरा कमी असतो, पण दिवसभर चांगला आहे. दोरवाल्यानं मान डोलावली. म्हातारी आतून म्हणाली, असू दे, असू दे.

नळातून आधी वारा आला, मग तांबडं पाणी आलं, मग नुसतंच पाणी. तिघांनी ते बघितलं. म्हातारीनं हात लावून बघितलं.

जाताना दोरवाल्यानं पाइपवाल्याला थांबवलं. तुमच्या कार्यालयात द्यायला एक अर्ज लिहून द्या, म्हणाला, मला लिहिता येत नाही. पाइपवाल्यानं खिशातली पेन्सिल काढली, नकाशाची मागची बाजू गुडघ्यावर पसरली, आणि दोरवाला सांगत गेला तसं कार्यालयाच्या भाषेत लिहीत गेला:

"मा. कार्यालयप्रमुख यांस. विषय: माणूस मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा व्यवसायाने उलटा चालणारा असून, आपल्या कार्यालयाने केलेल्या सुधारणांबद्दल त्याची काहीही तक्रार नाही. तथापि सदर सुधारणांनंतर अर्जदाराच्या पाठीमागे काय आहे हे सांगणारे कुणीही उरलेले नाही. तरी या कामी एक माणूस कायमस्वरूपी नेमून मिळावे. वयाची, शिक्षणाची अट नाही. दिवसातून थोडा वेळ आले तरी चालेल. त्याने फक्त वेळेवर ओरडावे. आवाज शक्यतो ओळखीचा असावा, ही नम्र विनंती."